घराखाली शिरणारे मिस्त्री

मिस्त्री पहिल्यांदा आमच्या दारात उभे राहिले, तेव्हा मी त्यांच्या हातात रद्दी दिली.

सिंगापूरमध्ये रद्दीवाल्याला करंगुणी म्हणतात. रविवारी सकाळी तो भोंगा वाजवत दारोदार फिरतो. त्या रविवारी मी खरं तर एका तज्ज्ञाची वाट पाहत होतो. तज्ज्ञ म्हटला की नाव छापलेली व्हॅन, इस्त्रीचा शर्ट आणि हातात क्लिपबोर्ड, अशी माझी ठाम कल्पना. दार उघडलं तर समोर साठी उलटलेला, काडीसारखा माणूस, अंगात हाफपँट, खांद्याला गोणपाटाची पिशवी. मी दोन महिन्यांचे पेपर आणून त्याच्या हातात कोंबले, "थँक्यू, अंकल" म्हणालो आणि दार लोटायला लागलो. त्यानं गठ्ठ्याची सुतळी नीट आवळली, गठ्ठा काखेत धरला आणि मराठीत म्हणाला, "असू दे, उपयोगी पडतील. पण सायब, घर कुजतंय कुठं ते तरी दाखवा."

आतून बायकोचं हसू ऐकू आलं. ते पुढे बरेच दिवस अधूनमधून ऐकू येत राहिलं.

मिस्त्री मूळचे दापोलीकडचे. जहाजावरच्या सुताराला आपल्याकडचे खलाशी मिस्त्री म्हणतात. त्या कामात त्यांची उमर गेली. मधेच एका फेरीत सिंगापूरला उतरले, एका मलाय मुलीशी निका लावला आणि इथलेच झाले. जहाजावरचं काम सुटल्यावर जुन्या लाकडी घरांची डागडुजी करायचे. स्वतः मात्र तोआ पायोहला बाराव्या मजल्यावर राहायचे. म्हणायचे, "माझ्या खाली अकरा घरं आहेत. काळजी त्यांनी करायची." मी त्यांचा 'सायब' आणि माझी बायको 'बाय'. महत्त्वाचं असेल ते बायला सांगायचं आणि सायबाला टॉर्च धरायला लावायचं, ही त्यांची पद्धत माझ्या जरा उशिराच लक्षात आली.

आता घराबद्दल. ही नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. मी जहाजदुरुस्तीच्या एका यार्डात इंजिनिअर होतो. आमच्याबरोबरची सगळी मराठी मंडळी फ्लॅटमध्ये, आणि आम्ही उत्तरेकडच्या एका जुन्या बैठ्या घरात भाड्यानं. विटांच्या बुटक्या खांबांवर उभं केलेलं लाकडी जमिनीचं घर. खाली गुडघ्याच्या जरा वर येईल एवढी मोकळी जागा. तळघर म्हणावं तर माणूस उभा राहू शकत नाही, आणि नुसती फट म्हणावी तर रांगत सबंध घराखालून फिरता येतं. घराचा दिवाणखाना मात्र ऐसपैस. दर शनिवारी बायको तिथे मराठी मंडळाच्या वीस-बावीस मुलांना मराठी शिकवायची आणि पाडव्याच्या कार्यक्रमासाठी लेझीम बसवून घ्यायची. फ्लॅटमध्ये लेझीम म्हणजे खालच्या मजल्याशी युद्ध. आमच्या खाली कुणी राहत नव्हतं. निदान आमचा तसा समज होता.

डिसेंबरचा पाऊस संपता संपता घराला कुबट वास यायला लागला. मी म्हटलं, कपाटातली पुस्तकं सादळली असतील. मग झोपायच्या खोलीचं दार अडकायला लागलं. मी म्हटलं, हवामान. चपलांवर बुरशी आली, तेही हवामानच. एका शनिवारी मुलांनी लेझमीची पहिली उडी मारली आणि खिडकीजवळची जमीन गादीसारखी खाली जाऊन वर आली. मी समजावलं, "लाकूड आहे ते. लाकूड जिवंत असतं."

"लाकूड जिवंत आहे," बायको म्हणाली, "की लाकडात काहीतरी जिवंत आहे?"

त्याच दिवशी तिनं मुलांना घरी पाठवलं आणि क्लास बंद केला. मालकीणबाई म्हणजे एक वृद्ध चिनी आजी. तिला फोन केला तर ती म्हणाली, जमीन गेली असेल तर घर पाडूनच टाकते, मुलगा कधीपासून मागे लागलाय. हवं तर तुम्ही माणूस आणून दाखवा, तुमच्या त्या पाडव्यापर्यंत थांबते. क्लास राहणार की जाणार, ते आता आमच्या जमिनीखाली ठरणार होतं. बायकोनं मुलांच्या लेझमी एका खोक्यात भरून ठेवल्या. ते खोकं रोज दिसेल असं तिनं बरोबर माझ्या खुर्चीसमोर ठेवलं.

मी तज्ज्ञ शोधायला लागलो. पहिला आला तो टाय लावून. घराखाली जायच्या झडपेशी उभा राहून त्यानं आत टॉर्च मारला. टाय जमिनीला लागेल म्हणून वाकलाच नाही. सबंध घराला औषध मारायचं एक पॅकेज सांगितलं आणि आठवण म्हणून पेन देऊन गेला. दुसऱ्यानं दिवाणखान्यात येऊन पाय आपटला आणि सांगितलं, सगळं उखडा, काँक्रीट भरा. हा मला फार आवडला. आमच्या यार्डात माणसं असंच बोलतात. बायकोनं विचारलं, "तो खाली बघून आला का?" नव्हता आला. मग यार्डातल्या फोरमननं नाव सुचवलं ते मिस्त्रींचं.

रद्दीचं प्रकरण पचवून मी मिस्त्रींना सगळी लक्षणं सांगायला बसलो. त्यांनी हात वर केला. "घराला विचारू दे, सायब. मालकाला विचारलं की मालक खोटं बोलतो." त्यांनी चपला काढल्या आणि अनवाणी टाचांवर सगळ्या खोल्यांतून सावकाश फिरले. मधेच थांबायचे, टाच दाबायचे, पुढे जायचे. खिडकीपाशी चक्क पालथे पडून त्यांनी फळीला कान लावला आणि टोच्याच्या मुठीनं ठोकून पाहिलं. आमचा चिरंजीव तेव्हा नऊ वर्षांचा. तो कानाशी लागून म्हणाला, "बाबा, he's checking the heartbeat, lah." मिस्त्रींनी त्याला बोलावलं आणि त्याचाही कान फळीला लावला. एका फळीचा आवाज टणक, शेजारचीचा भोपळ्यासारखा. तेवढं पोराला कळलं. मला दोन्ही सारखेच वाटले, पण मी मान डोलावली.

मग ते झडपेतून खाली शिरले. त्यांचं हेच मला सगळ्यात जास्त आठवतं. पाण्यात मासा सोडावा तसा तो माणूस जमिनीखाली जायचा. अर्ध्या तासानं बाहेर आले ते कोपरापर्यंत मातीनं भरलेले. पहिला प्रश्न, "हवेचे झरोके कुणी बुजवले?"

इथे मला एक कबुली द्यायला हवी. झरोके मी बुजवले होते. वर्षभरापूर्वी पावसाचं पाणी आणि एक घोरपड असे दोघेही त्या झरोक्यांतून घराखाली शिरले होते. जहाजावर पाणी शिरतं ते भोक बंद करायचं, हे माझं आयुष्यभराचं शिक्षण. मी प्लायवुडचे तुकडे कापले आणि यार्डातलं उत्तम सीलंट भरून चौदाच्या चौदा झरोके हवाबंद केले. त्या दिवशी मी इतका खूश होतो की संध्याकाळी घराभोवती दोन चकरा मारल्या. आत मात्र वर्षभर ओल कोंडली आणि तुळया वाफवल्यासारख्या भिजत राहिल्या.

"आधीच्या भाडेकरूनं बुजवले असतील," मी म्हणालो.

मिस्त्रींनी नखानं सीलंटचा तुकडा काढला, वास घेतला, बोटांत चुरला. "हां," म्हणाले. "आगबोटीवर होता वाटतं बिचारा."

बायकोसमोर त्यांनी तो विषय पुन्हा कधी काढला नाही.

रद्दी खरंच उपयोगी पडली. त्यांनी घराखाली सगळीकडे माझे पेपर पसरले आणि दुसऱ्या दिवशी येऊन एकेक उचलून पाहिला. बहुतेक ठिकाणी कागद खालून दमट, म्हणजे ओल मातीची. न्हाणीघराखालचा कागद वरून चिंब, म्हणजे पाइप गळतोय. खिडकीजवळच्या दोन खांबांवर मातीच्या बारीक नळ्या चढलेल्या, म्हणजे वाळवी. एका घराला तीन दुखणी. मी उत्साहानं म्हटलं, "मग करून टाका सगळं." ते एकदम आक्रसले. "मी लाकूड करतो. पाइपाला पाइपवाला आणा. वाळवीला आंग मो किओचा एक चिनी आहे. तो दिवसभरात दोन शब्द बोलतो, पण राणी सापडल्याशिवाय हलत नाही. सगळं मीच करतो असं कुणी म्हणाला ना सायब, की त्याला चहा पाजायचा आणि वाटेला लावायचा." मला टायवाला आठवला. त्याला आम्ही चहा पाजला होता.

चिनी आला, खरोखर दोन शब्द बोलला, वाळवी संपवून गेला. पाइप बदलला. झरोके उघडले आणि त्यांना मिस्त्रींनी जाळी बसवली. मग त्यांचं खरं काम सुरू झालं. कुजलेल्या तुळया जॅकवर उचलून एकेक बदलायची, तीही पालथं-उताणं पडून. त्यात रोजे सुरू झाले. त्या वर्षी पाडवा आणि ईद एकमेकांना खेटून आले होते. आम्हांला हे ठाऊक असायला हवं होतं, नव्हतं. बायको रोज दुपारी कोकम सरबताचा ग्लास झडपेतून आत सरकवायची. आतून आवाज यायचा, "ठेव, बाय." चौथ्या दिवशी घरातले ग्लास कमी पडले म्हणून तिनं आत डोकावून पाहिलं. खांबाशेजारी तीन ग्लास ओळीनं मांडलेले, काठोकाठ भरलेले, प्रत्येकावर फळीचा तुकडा झाकण म्हणून ठेवलेला.

"अहो, मग सांगायचं नाही का?" तिचा चेहरा पडला.

"एवढ्या मायेनं आणतेस," ते म्हणाले. "नको कसं म्हणणार?"

त्यानंतर रोज संध्याकाळी रोजा सोडायला तिचा डबा त्यांच्याबरोबर जायचा आणि दुसऱ्या दिवशी तो नारळाच्या मलाय मिठाईनं भरून परत यायचा. दोघी बायका तोपर्यंत एकमेकींना भेटल्याही नव्हत्या.

पाडव्याला आठ दिवस उरले तेव्हा मिस्त्री म्हणाले, काम झालं. बायकोनं खोक्याकडे धाव घेतली. त्यांनी तिला अडवलं. "पोरं नंतर. आधी त्यांचे आईबाप नाचू देत. वजन त्यांचं जास्त आहे."

रविवारी मालकीणबाई आली, दारात खुर्ची टाकून बसली. मंडळातले सव्वीस आईबाप आले. त्यात बहुतेक कॉम्प्युटरवाले, चार-पाच आम्ही जहाजवाले, आणि उरलेल्या त्या सगळ्यांना घेऊन आलेल्या बायका. सगळ्यांच्या हातात मुलांच्या एवढ्याशा लेझमी. मुलं बाहेर हिरवळीवर, खिडक्यांना नाकं लावून. आणि मिस्त्री आपला टॉर्च घेऊन झडपेकडे निघाले. मी म्हटलं, तुम्ही कशाला, वरूनच कळेल की. ते म्हणाले, "तुळई करकरते ती खाली ऐकू येते, सायब. वर तुमचाच आवाज असतो." आणि शिरले.

बायकोनं ढोलकीवर थाप दिली. तिचा पहिला ठेका थरथरला, मी ऐकला. आम्ही नाचायला लागलो. सुरुवातीला सगळे काचेवर चालावं तसे. तिनं लय वाढवली. "उड्या मारा!" ती ओरडली. "ते खाली कशासाठी झोपलेत?" मग मारल्या उड्या. पोटं हलली, चष्मे निसटले, खिडकीपाशी आठ जण एकदम आदळले. प्रत्येक उडीला मला जमीन दिसत नव्हती, तिच्याखालची काडीसारखी छाती दिसत होती.

ढोलकी थांबली. खालून काहीच आवाज नाही. बायको झडपेकडे धावली. आधी हात आला, मग टॉर्च, मग मिस्त्री. त्यांनी भुवयांवरची धूळ पुसली.

"तुळया ठीक आहेत," ते म्हणाले. "तिसऱ्या रांगेत एक जाडं माणूस ठेका चुकतंय."

सगळे माझ्याकडे वळले. मालकीणबाईला मराठी कळत नव्हतं, पण तीही माझ्याकडेच पाहून हसली. घर पाडायचं तिनं पुढे ढकललं, आणि पाडव्याला आमच्या पोरांनी लेझीम केली. एकही चुकला नाही.

त्यानंतर पाच वर्षं क्लास त्या घरात चालला. मग आजी गेली, मुलानं घर पाडलं, आम्ही एका काँडोत राहायला गेलो. तोपर्यंत मंडळाला हक्काचा हॉल मिळाला होता. मिस्त्री ईदला मिठाई पाठवायचे, आमच्याकडून फराळ जायचा. दशक सरत आलं तेव्हा एके दिवशी त्यांच्या मुलीचा फोन आला. बाबा गेले, छातीत ओल धरली होती म्हणाली. आम्ही तोआ पायोहला गेलो. बाराव्या मजल्यावरच्या त्या छोट्या घरात त्यांची बायको भिंतीशी बसली होती. आम्ही कोण ते मुलीनं सांगितल्यावर म्हातारीनं माझ्या बायकोचा हात धरला आणि मलायमध्ये काहीतरी बोलली. मुलगी म्हणाली, "आई विचारतेय, ज्या घरात माणसं बाबांच्या छातीवर नाचली, ते घर तुमचंच ना? बाबा सगळ्यांना सांगायचे. सांगताना हसायचे." म्हातारी हसली, आणि मग दोघी बायका रडल्या. मी खिडकीतून खाली बघत उभा राहिलो.

परत येताना आम्ही टॅक्सी केली. तीत बसल्यावर मी म्हणालो, "त्या दिवशी त्यांना एकट्याला खाली जाऊ द्यायला नको होतं. कुणीतरी बरोबर असायला हवं होतं."

बायको बाहेर बघत होती. म्हणाली, "मी म्हटलं होतं तुम्हांला, जा त्यांच्याबरोबर म्हणून. तुम्ही म्हणालात, पँट नवी आहे." मग सिग्नल लागला, सुटला, आणि ती म्हणाली, "नव्हती नवी."