दोन तळहातांवरचे माऊस

बारामतीत डेपोजवळ एका बाईंचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. नातीला गेमसाठी बिनवायरचा हलका माऊस हवा होता, म्हणून मी सणसरहून गेलो. बाईंनी एक स्वस्त, एक महाग असे दोन माऊस माझ्या दोन तळहातांवर ठेवले.

"आबा, डोळं मिटा."

मिटले. रस्त्यावरचे हॉर्न लांब गेले. हातांवर जणू दोन चिमण्या येऊन बसल्या होत्या.

"महागाचा कुठला?"

"न्हाय कळत."

त्या हसल्या. "आज न्हायच कळायचं. स्वस्ताचं बटण लवकर दमतं. एकदा दाबलं की दोनदा वाजतं. नातीला सांगून द्या."

मी स्वस्तातला घेतला आणि नातीला महागातला म्हणून दिला. ऐन स्पर्धेत बटण बिघडलं, ती हरली. 'दुकानवालीनं फसवलं,' असं मी गावभर सांगितलं. सणसरची गिऱ्हाइकं तिकडं जायची थांबली.

परवा कबुली द्यायला गेलो. बाई माऊसवरची धूळ फुंकत शांतपणे म्हणाल्या, "तुमची नात भांडायला आली व्हती, आबा. म्हटलं, चूक माझीच. आजोबा तिच्या नजरेतनं कशाला उतरवायचा?"

म्हणून हे लिहून नातीच्या हातात देतोय. त्या बाई खरंच बोलल्या होत्या. खोटा मी होतो.