तांदळात लिहिलेलं नाव

मुलांनो, तुमच्यापैकी मोठीला पहिली नोकरी लागली. आपल्यामागे पैसे कोणाला द्यायचे, या कंपनीच्या फॉर्मवरच्या रकान्यात तिने धाकट्याचं घरातलं लाडाचं नाव लिहिलं, असं तिने परवा फोनवर सांगितलं. खरं नाव फार लांब आहे म्हणे. तिकडे परदेशात तुम्ही सगळे हसलात. मला हसू आलं नाही, म्हणून आज हे लिहायला बसले आहे. तुम्हाला मराठी वाचता येत नाही, तेव्हा तुमचा बाबा वाचून दाखवेल. त्याला यातलं बरंच माहीत आहे, सगळं नाही.

मी कल्याणची. शाळेत असतानाच वडिलांनी मला पोस्टात खातं काढून दिलं. पैसे काढायची स्लिप मी इंग्रजीत भरायचे आणि ते शेजारी उभे राहून बघायचे. रक्कम अक्षरात लिहून झाली की पुढच्या मोकळ्या जागेत रेघ ओढायची, म्हणजे मागून कोणाला काही घुसवता येत नाही, हे त्यांनी शिकवलं. पैशातलं आपल्याला कळतं, असं मला त्यावरच पुढे कितीतरी वर्षं वाटत राहिलं.

लग्नात लक्ष्मीपूजनाच्या वेळी तुमच्या आजोबांनी ताटात पसरलेल्या तांदळात अंगठीने माझं नवं नाव लिहिलं. आमच्यात तेव्हा मुलीचं आडनावच नाही, पहिलं नावही बदलत. ते माझ्या धाकट्या नणंदेने निवडलं होतं. डोंबिवलीच्या सासरी त्या दिवसापासून मी त्याच नावाची झाले. मी इंग्रजी शिकवायचे त्या शाळेत मात्र पदवीच्या प्रमाणपत्रावरचं माहेरचं नाव चालू राहिलं, पुढे नवऱ्याचं नाव आणि आडनाव लावून. पगार, पॅन, नंतर आधार, सगळं त्याच नावाने. घरात एक आणि बाहेर एक, यात कोणालाच काही वावगं वाटलं नाही. निम्म्या शिक्षिकांचं तसंच होतं.

सुरुवातीला पगार सासूबाईंच्या हातात द्यायचा असे. पुढे ठाण्याला नौपाड्यात घर घेतलं तेव्हा कर्ज माझ्या पगारावर मिळालं, म्हणून घर माझ्या नावावर झालं. कर्जात आधी व्याज फिटतं आणि मुद्दल तसंच बसून राहतं, हे मी त्या वर्षांत शिकले. ठेवी आजोबा बघायचे. "तू घर फेड, म्हातारपणाचं मी बघतो," असं म्हणायचे, आणि त्यांनी खरोखरच बघितलं होतं.

ते आजारी पडले, बरेच दिवस इस्पितळात राहिले आणि गेले. माझी शिल्लक तिथेच संपली. शाळा खासगी, पेन्शन नाही. नौपाड्याच्या घरात राहायचं तर त्यांच्या ठेवींवरच्या व्याजावर राहायचं, एवढाच हिशेब होता. पावत्या घेऊन मी बँकेत गेले. काउंटरवरच्या मुलीने माझं आधार पाहिलं, मग पावती पाहिली.

"आजी, नॉमिनी आहेत त्या कोण?"

"मीच."

"पण नाव वेगळंय."

"ते माझं लग्नातलं नाव. यांनी तेच लिहिलं."

"हो, पण सिस्टिमला कसं कळणार? मॅरेज सर्टिफिकेट आहे?"

लग्नाची नोंदणी आम्ही केली नव्हती. आता करायची तर नवरा हजर हवा, असं मला सांगण्यात आलं. लग्नपत्रिका सापडली, पण तिच्यावर अर्थातच माहेरचं नाव. आजोबांनी चूक केली असं मला आजही म्हणवत नाही. आयुष्यभर ज्या नावाने हाक मारली तेच त्यांनी लिहिलं.

दोन्ही नावांची बाई एकच, असं प्रतिज्ञापत्र द्यायला नणंद डोंबिवलीहून आली. रिक्षात म्हणाली, "वहिनी, दादाने दुसरी ठेवलेली आणि ती आता वारली, असं सांगून टाक. काम पटकन होईल."

"सांगते. आणि तिचं बारसं तू केलंस, तेही सांगते."

ती हसली. मग, "तेव्हा खूप छान वाटलेलं गं मला ते नाव," म्हणाली.

प्रतिज्ञापत्र पुरलं नाही. न्यायालयातून वारसाचा दाखला आणायला सांगितलं. वकील, वर्तमानपत्रात नोटीस, तुमच्या बाबाचं तिकडून संमतिपत्र. तारखा पडत गेल्या. त्याच वर्षी बाबाची नोकरी गेली होती, हे तुम्हाला आठवत असेल. त्याच्याकडे घरखर्चाला आणि वकिलाला पैसे मागणं शक्य नव्हतं. विकता येईल असं माझ्याकडे एकच होतं, कारण तेच माझ्या कागदोपत्री नावावर होतं. मी नौपाड्याचं घर विकलं आणि शहराबाहेर शीळफाट्याकडे एका नव्या इमारतीत एका खोलीची जागा घेतली. इथे खाली किराणा दुकान आहे, डॉक्टर नाही. ओळखीचं कोणी नाही.

दाखला आला तो घर गेल्यानंतर, आणि नणंदही गेल्यानंतर. ठेवी मिळाल्या. त्या पैशांत नौपाड्यात काहीच येत नव्हतं. सत्तरी उलटल्यावर मी फोनवरून पैसे पाठवायला शिकले, प्रत्येक खात्यावरचं नाव तपासून घ्यायला शिकले. उशिरा शिकलेलं उपयोगी पडतं, पण गेलेलं घर परत मिळत नाही. सासरच्या नावाने मला हाक मारणारं आता कोणी राहिलेलं नाही.

मोठे, तो फॉर्म उद्याच्या उद्या बदलून घे. भावाचं नाव कितीही लांब असलं तरी पूर्ण लिही.

माझ्याकडे आता ही एक खोली आहे आणि बँकेत एक मुदत ठेव आहे. ठेव माझ्या आधारवरच्या नावाने आहे, आणि नॉमिनी म्हणून तुमच्या बाबाचं नाव आहे, त्याच्या पासपोर्टवर आहे तसंच.