आडनाव वजा, विहीर वजा

बोंडअळीनं कपाशी खाल्ली त्या वर्षीची दिवाळी. नंतरचा पहिला सोमवार, सकाळचे साडेअकरा. रक्कम पंधराशे रुपये. जागा अकोल्यातलं जठारपेठ, एका बातम्यांच्या संकेतस्थळाचं ऑफिस. हजर चौघं: संपादक, त्यांचा संगणक चालवणारी मुलगी, मी आणि माझी बायको सुनंदा.

संपादकांनी माझा लेख पडद्यावर उघडला, माझ्या नावावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे आडनाव दिसलं की लोक पुढं सरकतात. राग मानू नका. आकडे सांगतात."

मी शाळेत लिपिक. एकवीस वर्षं बेरजा करतोय. आकडा पुढे आला की मी गप्प होतो. तसाच झालो.

लेख माझ्या गावाचा होता. बाळापूरच्या पुढचा खारपाणपट्टा. बोअरचं पाणी इतकं खारट की चहा नासतो. आमच्या बौद्धपुऱ्यात बावीस घरं. सहा रविवार मी घरोघर फिरलो, दवाखान्याचे कागद पाहिले. नऊ घरांत मूत्रपिंडाचा रोगी. गावात गोड्या पाण्याची विहीर एकच, तीही गावच्या बड्या जमीनदाराची; त्याला सगळे मालकच म्हणतात. आमच्या बायांनी हंडे पायरीखाली ठेवायचे, मालकाचा गडी वरून ओतणार. पायरी चढायची नाही. हे सगळं मी लिहिलं होतं.

त्या नऊ रोग्यांतल्या बना काकूंचे पाय सुजलेले. आठवड्यातून दोनदा अकोल्याला डायलिसिस. त्या म्हणाल्या होत्या, "माह्यं नाव टाक. अन् विहिरीचं बी टाक. मी कोनाले भेत नाही."

संकेतस्थळावर लेख फुकट लागणार होता. पण तसा तो दोनशे लोकांनाही दिसत नाही, असं संपादक म्हणाले. पैसे भरले की तो पुण्या-मुंबईच्या मोबाइलांवर जातो. त्याला ते बूस्ट म्हणत. पंधराशे मी भरायचे. आडनाव काढायचं. आणि विहिरीचा परिच्छेद, पुऱ्याच्या उल्लेखासकट, गाळायचा, कारण विहिरीचा मालक त्यांचा जाहिरातदार.

"पाण्याचा प्रश्न पोचतोय ना? मग विहीर कोणाची, याने काय फरक पडतो?"

त्या मुलीनं विहिरीचा परिच्छेद माउसनं निवडून ठेवला. मी मान हलवली. तीन नोटा टेबलावर ठेवल्या. कोणी जबरदस्ती केली नव्हती, हेही लिहून ठेवतो.

जिना उतरताना सुनंदा म्हणाली, "पैसे बी आपले, अन् नाव बी आपलंच कापलं. कावून हो म्हटलं तुमी?"

"लोकायपर्यंत पोचलं पाह्यजे म्हणून."

ती स्टँडपर्यंत माझ्या दोन पावलं पुढं चालत राहिली.

लेख चालला. बारा दिवसांत अठ्ठावन्न हजार वाचक. खाली शेकडो अभिप्राय. एकानं लिहिलं, गरीब शेतकऱ्यांचे हाल बघवत नाहीत. बाकीच्यांनी तेच धरलं. लेखात शेतकरी नव्हताच. आमच्या पुऱ्यात एकाच्याही नावावर सात-बारा नाही. पण आडनाव नाही, पुरा नाही, विहीर नाही, मग वाचणाऱ्यानं समजायचं तरी काय?

पुण्याच्या एका मंडळानं लेख वाचून पाणी शुद्ध करण्याचं यंत्र पाठवलं. कुठं बसवायचं ते लेखात नव्हतं. त्यांनी गावात विचारलं. गावानं जागा दाखवली: मालकाच्या ओसरीला लागून. कॅन दहा रुपये. चावी मालकाकडे. आमची रांग शेवटी.

यंत्र बसल्यावरच्या रविवारी मी बना काकूंना मोबाइलवरून लेख वाचून दाखवला. डोळे मिटून त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"विहिरीचं कुठीसा हाय याच्यात?"

"गाळलं, काकू."

"कावून?"

"जास्त लोकायनं वाचावं म्हणून."

"मंग काय वाचलं रे त्यायनं?"

मी मोबाइल खिशात टाकला.

मंगळवारी रजा टाकून जठारपेठेत गेलो. संपादकांना म्हटलं, "आडनाव आणि विहीर परत घाला. नाहीतर लेख काढा."

ते हसले. "अहो, अठ्ठावन्न हजार लोक! लोक यासाठी माझ्या पाया पडतात."

"काढा."

"लेख चालला म्हणून वर पंधराशे मी माझे घातलेत. ते कोण देणार?"

"मी."

त्यांचा चेहरा उतरला. "तुमच्या लोकांना कोणी केलेलं भलं पचतच नाही."

मी पाकीट काढलं. पडद्यावरून लेख जाईपर्यंत खुर्चीवरून उठलो नाही.

पूर्ण लेख मी समाजमाध्यमावरच्या माझ्या पानावर टाकला. आडनावासकट, विहिरीसकट. एकतीस लोकांनी वाचला. त्यातले चौदा आमच्या पुऱ्यातले, म्हणजे ज्यांना हे आधीच ठाऊक. यंत्र ओसरीलाच आहे. फाल्गुनात बना काकू गेल्या. मालकानं गावात माझ्याशी बोलणं सोडलं, आणि शाळेत माझ्याविरुद्ध दोन अर्ज आले.

दुसरा लेख लिहून झाला आहे. त्यात विहीरमालकाचं पूर्ण नाव आहे, पायरीचं माप आहे, हंडे ठेवणाऱ्या बायांची नावं त्यांच्या परवानगीनं आहेत. तिघांनी वाचला तरी चालेल. कोणीच नाही वाचला तरी ओळ गाळणार नाही.

लेख पोचवायला पंधराशे दिले. तो उतरवायला पंधराशे दिले. एकूण तीन हजार, दोन्ही वेळा त्याच संपादकांना. दुसऱ्या लेखासाठी कोणालाही काही दिलेलं नाही. देणारही नाही.