बाजेखालची शेगडी

त्या दुपारी घरात भोंगा वाजला नाही, म्हणून मी खूश झाले होते. ते आठवलं की अजूनही अंगावर काटा येतो.

माय-बापूंनी ऊस तोडून मला शिकवलं. घरातली पहिली पदवीधर मी. माजलगावात नोकरी लागली आणि त्या दोघांचं कारखान्यावर जाणं थांबलं. त्यांच्यासाठी काही करावं असं सारखं वाटायचं. गावात भरदिवसा घरं फुटू लागली, तेव्हा मी पुढच्या खोलीत सेन्सर बसवून घेतला. खोलीत कुणी हललं की भोंगा वाजायचा. बापू रानात असायचे. माय दुपारी धुणं घेऊन हापशावर जाताना रिमोटचं बटण दाबून जायची, कारण धाकटी बहीण बाळंतपणाला आली होती आणि मधल्या खोलीत ती आणि बाळ दोघंच असायची.

आमच्याकडे बाळंतिणीला शेक देतात. आंघोळ झाली की तिला बाजेवर निजवायचं आणि खाली निखाऱ्यांची शेगडी सरकवायची. शेक झाला की शेगडी उचलून पुढच्या खोलीत दारापाशी निवायला ठेवायची.

नेमका तिथंच सेन्सर होता. तो अंगाच्या उबेवरून माणूस ओळखतो आणि शेगडीवरची गरम हवा हलली तरी फसतो, असं बसवणाऱ्यानं फोनवर सांगितलं. रोज भोंगा वाजायचा, बाळ दचकून रडायचं आणि शेजारचे फळवाले चाचा धावत यायचे.

"कोन आया भाभी, चोर का शेगडी?" म्हणून हसायचे.

त्या शनिवारी मी बाळाला बघायला गेले. माय नुकतीच हापशावरून आली होती, अंगणात धुणं वाळत घालत होती.

"आता भोंगा वाजत न्हाई का गं?" मी विचारलं.

"वाजंल कशाला? शेगडी भाईर आणीतच न्हाई मी. बाजंखालीच ऱ्हाऊ देते, वरून दार लावून घेते. लेकरू लई गप झोपतंय बघ."

"आणि खिडकी?"

"खिडकी कावून उघडू? बाळंतिणीला वारं लागंल की!"

 मी आत धावले.

दार ढकललं तर आत कोंदट ऊब. धुराचा वाससुद्धा नव्हता. बहिणीला हाक मारली, हलवलं, तिच्या कपाळावर आठीही उमटली नाही. बाळाचा हात माझ्या तळव्यावर ओल्या फडक्यासारखा पडला.

मागून माय म्हणाली, "अगं उठवू नको, आत्ताच डोळा लागलाय तिचा."

मी बाळ तिच्या हातात कोंबलं, बहिणीला काखेत धरून ओढत अंगणात आणलं आणि चाचांच्या नावानं ओरडले. त्यांनी टेम्पोतल्या मोसंबीच्या पेट्या सरळ रस्त्यावर ढकलल्या. "बैठो बेटी, जल्दी!"

टेम्पोत माय एकच बोलत होती. "जराबी धूर न्हवता गं. निखारं लालबुंद झाल्याबिगर मी आत नेतच न्हाई."

निम्म्या वाटेत, मोकळ्या वाऱ्यात, बाळ रडलं. एवढ्या मोठ्यानं रडलं की चाचांनी मागं वळून पाहिलं आणि टेम्पो रस्त्याच्या कडेला गेला. मी मात्र बहिणीच्या तोंडाकडे बघत होते. ते मिटलेलंच होतं.

दवाखान्यात दोघांनाही ऑक्सिजन लावला. बंद खोलीत निखाऱ्यातून असा वायू सुटतो, ज्याला ना वास ना धूर, हे डॉक्टरांनी सांगितलं. आणखी थोडा वेळ गेला असता तर काय, हे त्यांनी सांगितलं नाही. 

संध्याकाळी बहिणीनं डोळे उघडले. "ताई, डोस्कं फुटतंय. मला शेकीत होते का भाजीत होते तुमी?"

चाचा हसता हसता डोळे पुसू लागले. मला हसावं का रडावं कळेना. माय भिंतीला टेकून उभी होती.

नर्सनं बाळ गुंडाळून तिच्यापुढे धरलं. "घ्या आजी."

मायनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

"माय, घे ना," बहीण म्हणाली.

"तूच घे बाई," माय म्हणाली आणि मागं सरली.