थोरलीची चिठ्ठी

मी सातवीपातुर शिकले, त्यातली विंग्रजी तीनच वर्सं, पन सासरी बायकांत तेवडी अक्षरं बी कुनाला येत न्हवती, म्हनून चुलत भाऊजींनी मला बोलावलं. पलूसला त्येंचा कॉम्पुटरचा क्लास हुता. पुन्याच्या कुना मैतराकडनं त्येंनी एक फ्लॉपी आनलीती, तिच्यात वंशावळ भरायची सोय हुती, समदं विंग्रजीत. दर मानसाला एक चौकट. नाव, आईबाप, नवरा न्हाईतर बायकू, पोरं. जत्रंला सगळी भावकी जमती, साताऱ्याची, कोयनानगरची, तवा भला मोठा कागद काडून भितीवर लावायचा, असं त्येंच्या मनात हुतं. म्हाताऱ्यांना इचारून इचारून त्येंनी चिठ्ठ्या केल्या हुत्या, एका मानसाची एक चिठ्ठी. दुपारी क्लास रिकामा असायचा. मी लेकराला मांडीवर घिऊन बसायचे आन एका बोटानं अक्षरं हुडकीत चिठ्ठ्या भरायचे.

"वैनी, एक बी चिठ्ठी सोडू नगा," भाऊजी म्हनायचे. "हितं ज्याची चौकट न्हाई, त्यो मानूस झालाच न्हाई."

माज्या आदी ह्यांची एक बायकू वारलीती. घरात तिला थोरली म्हनायचे. तिची पोरगी तवा पाचवीत हुती, आमच्यातच ऱ्हायची, मला मावशी म्हनायची. लगनात माज्या गळ्यात मंगळसूत्रासंगं थोरलीच्या नावाचा चांदीचा टाक बांदला, सवतीनं तरास दिऊ नये म्हनून. सनाला आदी तिला निवद, मग मी जेवायची. लेकरू म्हैन्याचं असताना तापानं फनफनलं, तवा माजी सासू म्हनली, "थोरलीचं मन भरलं न्हाई अजून." तवापासनं लेकराला नुसता ठसका लागला तरी मला घाम फुटायचा.

ह्यांची चौकट भरून झाली आन खालची चिठ्ठी थोरलीची निगाली. लेकरू त्या दिवशी सारखं खोकत हुतं. मला वाटलं, हिचं नाव ह्यांच्या शेजारी बसवलं तर ही हितंच बसंल, माज्या आदी, माज्या वर, आन मग माज्या लेकराकडं बगंल. चिठ्ठी म्या कनवटीला खोचली आन पुडची घेतली. घरी गेल्यावर ती चुलीत घातली.

आता लपवून काय करू, नुसतं भ्या न्हवतं. ह्यांच्या शेजारी मला एकटीला बसायचं हुतं.

दुसऱ्या दिवशी पोरीची चिठ्ठी आली, त्येचा म्या इचारच केला न्हवता. कॉम्पुटरनं आई इचारली. ह्यांच्या शेजारी मी एकलीच. म्या बटन दाबलं आन पोरगी माज्या खाली जाऊन बसली, माज्या लेकराच्या अलीकडं. लय येळ म्या पडद्याकडं बगितलंच न्हाई.

भाऊजींनी काय तपासलं न्हाई, त्येंचा माज्यावर भरवसा. मशीननं करकर करीत कागद काडला, त्येंनी तो जोडून आमच्या सोप्यात खळीनं चिकटवला. जत्रंला सोप्यात पाय ठिवाया जागा न्हवती. एक चुलत सासरे म्हनले, "एवड्या मिशा वाडवल्या आन हितं नुसती चार अक्षरं व्हय रं?" समदी हसली. ज्येंना वाचाया येत हुतं ती आपापलं नाव हुडकीत हुती, दुसऱ्याचं कोन बगतंय. ह्यांना तर विंग्रजी येतच न्हाई.

दुपारी पोरीची आजी आली, थोरलीची आई. दर जत्रंला ती नातीला कापड आनायची आन मला बी खण, लेकीच्या जागी हाय म्हनून. त्या दिवशी बी आल्या आल्या खण माज्या वटीत घातला, मग कागदाम्होरं जाऊन नातीला म्हनली, "समद्यांची नावं हायत म्हनत्यात. मला काय वाचाया येतंय? माजी लेक कुटं हाय दाव की."

मी लेकराला घिऊन उंबऱ्यात हुबी. पोरीला विंग्रजी अक्षरं नवीनच लागली हुती. तिनं आपल्या बापाच्या नावावर बोट ठिवलं, मग शेजारी. माजं नाव मनातल्या मनात वाचलं, ओठ हललेले मला दिसले. मग बोट फिरवलं, वर, खाली, परत वर. मग माज्याकडं बगितलं. मला वाटलं आता ही बोलनार, समद्या भावकीम्होरं बोलनार, आन बोलली तर बरं हुईल असं बी वाटलं.

तिनं बोट परत माज्या नावावर ठिवलं आन मोठ्यानं आपल्या आईचं नाव वाचलं. एकेक अक्षर लावल्यागत, सावकास.

"हितं व्हय," आजी म्हनली. तिनं तिथं हात लावला. "आन तू गं?"

"मी हितं, आजे. खाली."

"ब्येस केलं बाई, ज्येनं केलं त्येनं."

माज्यासाठी खोटं बोलली का आजीसाठी, ते म्या कवाच इचारलं न्हाई.

चार दिसांनी भाऊजींकडं जाऊन समदं सांगितलं. ते आदी हसले. "वैनी, कॉम्पुटरात भूत शिरत न्हाई ओ." मग हसायचे थांबले. "आन त्या पोरीचं काय?" मी कॉम्पुटरम्होरं जाऊन बसले. "भरा आता," म्हनले आन उटून भाईर गेले. म्या भरलं. ह्यांच्या शेजारी पैली ती, दुसरी मी, पोरगी तिच्या खाली. पाच मिंटाचं काम हुतं.

नवा कागद घिऊन घरी आले तर पोरगी अभ्यास करीत बसलेली. म्हनले, "हे बग, आता बराबर झालंय. भितीवरचा काडून ह्यो लावूया."

तिनं आईचं नाव हुडकलं. बोट तिथं ठिवलं. मग कागदाची घडी घालून दप्तरात ठिवली.

"भितीवरचा ऱ्हाऊ दे, मावशे."

"का गं?"

"आजीला दावलंय की म्या. आता जागा बदलली तर ती काय म्हनंल?"

तो कागद लय वर्सं भितीवर ऱ्हायला. आजी कवा बी आली की वहाना काडून आदी तिकडं जायची, जागा तिच्या ध्यानात हुती. माज्या नावावरनं हात फिरवायची, आन मी च्या ठिवाया आत जायची.