टिपणिसांची पायल जुन्या शाळेत जाते

डॅलसच्या उत्तरेकडची ती वस्ती इतक्या झपाट्याने वाढत होती, की उन्हाळ्यात भारतात जाऊन आलेल्या माणसाला स्वतःच्या घराचं वळण सापडायचं नाही. काल गाई चरत होत्या तिथे आज विटांची घरं. अशा गावात नव्याने आलेल्या मराठी माणसाला पहिला सल्ला एकच मिळायचा: "घरं बघायला जाण्याआधी टिपणीसकाकांना फोन कर."

उल्हास टिपणीस काही घरं विकत नव्हता. तो एका विमा कंपनीत डेटाबेस सांभाळायचा. पण तिथल्या स्कूल डिस्ट्रिक्टमधल्या दोन्ही हायस्कुलांची कुंडली त्याला तोंडपाठ होती. कॉलेजप्रवेशाच्या एसएटी परीक्षेतली सरासरी, गणिताचे निकाल, किती मुलं पुढे कॉलेजात गेली, काय वाट्टेल ते विचारा. एक शाळा नवी, तलावाकाठची. तिला राज्य सरकारचा 'एक्झेम्प्लरी' असा शेरा होता, म्हणजे आदर्श. दुसरी जुनी, हायवेपलीकडची. तिला 'ॲक्सेप्टेबल', म्हणजे आपल्या भाषेत चालवून घेण्यासारखी. "पोरांचं भलं हवं असेल तर हायवेच्या अलीकडे घर घ्या, मग ते खुराडं का असेना," असं उल्हास छातीठोकपणे सांगायचा.

स्वतः त्याने २००२ साली तेच केलं होतं. घराची पाठ रेल्वेच्या रुळांना लागलेली. मालगाडी गेली की फडताळातली भांडी किणकिणायची आणि त्याची बायको वीणा म्हणायची, "ऐक, भांडीसुद्धा कशी एक्झेम्प्लरी वाजतात!" उल्हास ते मनावर घ्यायचा नाही. त्याच्या शब्दावर विसंबून अर्धं महाराष्ट्र मंडळ हायवेच्या अलीकडे येऊन बसलं होतं, आणि चार स्थळं जमवलेल्या माणसासारखा तो त्या सगळ्या घरांकडे कौतुकाने बघायचा.

मग २००६ च्या मे महिन्यात त्याच्या लेकीची, पायलची, दहावी संपली आणि तिच्या निकालासोबत अख्ख्या इयत्तेतला तिचा क्रमांक घरी आला. टेक्सासात एक कायदा आहे. कुठल्याही सरकारी हायस्कुलात पहिल्या दहा टक्क्यांत आलेल्या मुलाला राज्याच्या विद्यापीठात थेट प्रवेश मिळतो. शाळा आदर्श असो की चालवून घेण्यासारखी, दहा टक्के सगळ्यांना सारखेच. उल्हासला हा कायदा ठाऊक नव्हता असं नाही. पण महाडच्या शाळेत कधी पहिल्या तिनांतून खाली न उतरलेल्या या गृहस्थाने आपली मुलगी दहांत असणारच, हे धरूनच ठेवलं होतं. पायल एकोणीस टक्क्यांवर होती. सगळ्या विषयांत ए, आणि तरी एकोणीस!

पुढे कोण कोण आहेत ते त्याने पायललाच विचारलं. ती एकेक नाव सांगत गेली आणि उल्हासचा चेहरा उतरत गेला. ज्यांच्या आईबापांना त्याने बोट धरून अलीकडे आणलं होतं, त्यांचीच ही पोरं.

"आमंत्रणं तूच वाटलीस," वीणा म्हणाली, "आणि आता पंगतीत जागा नाही म्हणून ओरडतोस?"

उल्हासने हिशेब मांडला. हेच मार्क जुन्या शाळेत असते तर पायल दहांत बसली असती. लगेच त्याने हायवेपलीकडे अपार्टमेंट भाड्याने घ्यायची टूम काढली. वीणाने त्याच्याकडे असं पाहिलं, की तो विषय तिथेच मिटावा. पण पायल मध्येच म्हणाली, "बाबा, मूव्ह कशाला करायचं? त्या शाळेत ॲग प्रोग्राम आहे, आपल्याकडे नाहीये. तो घेतला की ट्रान्सफर देतात."

"ॲग म्हणजे?"

"ॲग्रिकल्चर. त्यांचा स्वतःचा गोठा आहे. गोट्स, बाबा! मला आठवीपासून तिथे जायचंय. आय वॉन्ट टू बी अ व्हेट, जनावरांची डॉक्टर."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तू त्या शाळेला नेहमी हसतोस ना."

आपण जगाला सल्ले देत फिरलो आणि घरातल्या पोरीला एकदाही विचारलं नाही, याची उल्हासला मनापासून लाज वाटली. पण लाज ओसरली तसा हिशेब पुन्हा डोकं वर काढू लागला. बातमी फुटली तर आपल्यामागून सगळं मंडळ हायवे ओलांडणार आणि पंगत तिथेही भरणार. त्याने दोघींना बजावलं, "दहा टक्क्यांचं कुणाजवळ बोलायचं नाही. विचारलं तर सांगायचं, हिला जनावरांची आवड आहे."

"पण आहेच ना आवड," पायल म्हणाली.

ज्याच्या तोंडात तीळ भिजत नाही अशा माणसावर मौनव्रताची पाळी आली. ऑगस्टपासून तो रोज भल्या सकाळी पायलला शाळेच्या गोठ्यावर सोडू लागला आणि 'टिपणिसांची पायल जुन्या शाळेत जाते' ही बातमी वाऱ्यासारखी पसरली. बायका वीणाचा हात हातात घेऊन म्हणायच्या, "असतं हो एकेकाचं." एकाने तर उल्हासला चांगला शिकवणीवालाही सुचवला. खरं कारण अगदी ओठांवर यायचं. तो ते गिळायचा आणि हसायचा.

सकाळ मात्र त्याला आवडू लागली होती. नुसतं सोडून निघायच्या ऐवजी तो थांबायचा. ऑफिसचे बूट सांभाळत पाण्याची बादली धरायचा. पायलच्या वाट्याची शेळी, बिस्किट, त्याच्या गळ्यातली ऑफिसच्या ओळखपत्राची पट्टी चघळायची. मोठी टोपी घातलेले ॲगचे उंचेपुरे मास्तर पायलला 'डॉक्टर' म्हणून हाक मारायचे, की पोरगी अशी काही खुलायची! नव्या शाळेत दोन वर्षांत तिला इतकं हसताना त्याने पाहिलं नव्हतं. ऑफिसात अंगाला शेळीचा वास यायचा, पण त्याची त्याला फिकीर नव्हती.

सप्टेंबरात मंडळाचा गणपती झाला. मसालेभाताची प्लेट घेऊन उल्हास कोपऱ्यात उभा असताना संध्या मेश्राम त्याच्याकडे आली. वर्षापूर्वीच ही मंडळी नागपूरहून आली होती. नवरा दर सोमवारी विमानाने दुसऱ्या गावी कामाला जायचा. मुलगा आयुष नव्या शाळेत, पायलच्याच इयत्तेत.

"काका, आयुष धड जेवत नाही हो," ती म्हणाली. "म्हणतो, मी ढ आहे. नागपुरात त्यानं कधी पहिला नंबर सोडला नाही. तुमच्याच सांगण्यावरून इथे घर घेतलं. आता तुम्हीच सांगा, आमचं काय चुकलं?"

उल्हासला आयुष माहीत होता. पोरगा गणितात वाघ होता. तो जुन्या शाळेत आला तर सरळ पायलच्या वर जाऊन बसणार, आणि पायल तिथेही दहांच्या अगदी काठावर होती. 'होईल सवय हळूहळू' एवढं म्हटलं की काम भागत होतं. "होईल..." म्हणून त्याने सुरुवातही केली. पण समोर त्या बाईचे डोळे भरले होते आणि हातातली प्लेट तशीच होती.

"तुमचं काही चुकलं नाही, माझं चुकलं," तो म्हणाला, आणि मग बांध फुटल्यासारखा सगळं सांगत सुटला. कायदा, दहा टक्के, ॲग, जानेवारीत मिळणारी ट्रान्सफर. "शेळ्या नको असतील तर वेल्डिंग घेऊ दे. तेही ॲगमध्येच येतं."

"पण लोक म्हणतात, ती शाळा..."

"लोक माझंच ऐकून म्हणतात. शाळा चांगली आहे. मी रोज सकाळी जातो तिथे."

घरी परतताना वीणा गाडी चालवत होती आणि पायल मागे मोदकांचा डबा मांडीवर घेऊन बसली होती. उल्हास म्हणाला, "पायल, मी एक गडबड केली. आयुषच्या आईला सगळं सांगून टाकलं."

"फायनली!" पायल म्हणाली.

"फायनली म्हणजे?"

"मी त्याला ऑगस्टमध्येच सांगितलं होतं. फोनवर रडत होता, बाबा. पण त्याची आई ऐकेना. म्हणाली, टिपणीसकाकांनी सांगितलं तरच. मग मीच त्याला म्हटलं, आईला गणपतीत बाबाकडे पाठव."

उल्हास सीटवरून मागे वळला. "अगं, पण तो आला तर तू दहांतून बाहेर जाशील. कळतंय का तुला?"

"जाईन. अकरावर येईन. मग काय?"

उल्हासने उत्तर शोधलं. आजवर कुणाच्या प्रश्नाला त्याच्याकडे आकडा नाही असं झालं नव्हतं. या वेळी काही सापडलं नाही, आणि सापडलं नाही याचा त्याला आनंदच झाला. कुठल्या निकालाने वाटला नसता इतका त्या पोरीचा अभिमान त्याला वाटला.

"मग अकरा," तो म्हणाला. "दे एक मोदक."