दिवसभर काय बघता?

तिला सगळे काचताई म्हणत. बाजाराच्या रस्त्यावर चष्म्यांचे एक दुकान होते. वर मोठ्या कंपनीची निळी पाटी, समोर काचेचा काउंटर, आणि काउंटरमागे पडद्याआड काचताईचे चाक. चष्म्याची काच चौकटीच्या मापात बसवायची तर तिची कड घासावी लागते, त्याचे ते चाक. काच टेकली की आधी खरखर होते, मग सळसळ, आणि शेवटी एक क्षण असा येतो की काहीच ऐकू येत नाही. त्या क्षणी काच उचलायची. एक श्वास उशीर झाला तर काच सैल बसते. हे तिला कोणी शिकवले नव्हते. कानाने आपले आपण शिकून घेतले. चाकही तिचे स्वतःचेच होते, जुन्या बाजारातून आणलेले.

दुकान मात्र मालकांचे, आणि पाटी कंपनीची. डोळे तपासायला शेजारच्या गल्लीत डॉक्टर होते. त्यांची चिठ्ठी घेऊन माणूस पहिल्यांदा दुकानात आला की काचताई पडद्याबाहेर येई आणि नंबर बघायच्या आधी विचारी, “दिवसभर काय बघता?”

नवीन माणूस गोंधळे. “म्हणजे?”

“म्हणजे डोळे कुठे लावून बसता? सुईवर, फळ्यावर, की नवऱ्याच्या वाटेवर?”

डोळा किती अधू आहे ते नंबर सांगतो. काम किती लांबवर आहे ते नंबर सांगत नाही. शिंपिणीची सुई वीतभर अंतरावर असते, हिशेबनिसाची वही हातभर. तिला चिठ्ठीत खोट दिसली तर माणसाला ती परत डॉक्टरांकडे पाठवी. डॉक्टर कुरकुरत आणि पुन्हा तपासत. मिळालेले उत्तर ती पुठ्ठ्याच्या तुकड्यावर लिही. ‘डावा कान खाली, काडी वाकवून द्यावी.’ ‘झोपून वाचते, सांगत नाही.’ ‘रागावला की चष्मा आपटतो, जाड चौकट.’ बुटांच्या खोक्यांत ते तुकडे उभे लावलेले. बारा वर्षांत अकरा खोकी भरली.

मग मालकांचे गुडघे गेले. त्यांनी लेकीकडे राहायला जायचे ठरवले, आणि एका सकाळी काउंटरला टेकून म्हणाले, “तू घे दुकान. कंपनी नव्याने करार करील. नाहीतर बाहेरचा कोणी घेईल, आणि तू चौकटी पुसत बसशील.”

मोह पडण्यासारखीच गोष्ट होती. बारा वर्षे ज्या उंबऱ्यातून पगारी माणूस म्हणून आत गेली, त्यातून मालकीण म्हणून जायचे. पैशांची जुळणीही होत होती. नवरा शाळेची बस चालवी. त्याला तर घाईच झाली.

“कंपनीची पाटी म्हणजे सरळ रस्ता,” तो म्हणाला. “गिअरसुद्धा बदलायला नको.”

“आणि ब्रेक कोणाच्या पायाखाली?”

“तुला प्रत्येक गोष्टीत खोटच दिसते.”

“त्याचाच पगार मिळतो मला.”

करार बत्तीस पानांचा होता, मुंगीच्या पायांसारख्या अक्षरांत. चार दुपारी ती चाकाशेजारी भिंग घेऊन बसली आणि ओळीवर बोट ठेवून तिने तो वाचला. सातवे कलम सांगत होते, यापुढे काचा कंपनीच्या कारखान्यातून घासून येतील, दुकानात चाक ठेवता येणार नाही. एकोणिसावे सांगत होते, गिऱ्हाइकांच्या सगळ्या नोंदी, कोणत्याही रूपातल्या, कंपनीच्या मालकीच्या. करार संपला की त्या नोंदी जागेवरच ठेवून जायचे. तिने भिंग खाली ठेवले आणि खोक्यांकडे पाहिले.

ठरल्या दिवशी कंपनीचे साहेब आले. माणूस सभ्य होता. सही करायची जागा त्यांनी पेन्सिलीने आधीच खुणावून ठेवली होती.

“सातवं आणि एकोणिसावं काढा,” काचताई म्हणाली. “लगेच सही करते.”

साहेब हसले. “ताई, एवढं कोणी वाचत नाही.”

“म्हणून तर एवढं छापता येतं.”

“ते छापील आहे. एका दुकानासाठी बदलत नाही.”

“मग मलाही छापीलच समजा,” ती म्हणाली, आणि तिने कागद त्यांच्याकडे नीट सरळ करून सरकवले.

साहेब गेल्यावर मालक काउंटरला टेकले. मग म्हणाले, “ठीक आहे, समोरची छत्रीवाल्याची खोली रिकामी आहे. चाक घे, खोकी घे, मांड दुकान. अक्षर तुझं. मला तर ते लागतही नाही.”

“तुमचा करार कुठे आहे?”

“माझा कशाला?”

कपाटाच्या तळाशी सापडला. तिने पाने उलटली. एकोणिसावे कलम तिथेही होते, शब्दाला शब्द, आणि प्रत्येक पानाखाली मालकांची सही.

“मी उभ्या उभ्या सह्या केल्या होत्या,” मालक कसेनुसे म्हणाले. “चहा निवत होता.”

त्या कपभर चहापायी अकरा खोकी कधीच कंपनीची होऊन बसली होती. काचताई ती भरत होती तेव्हाही.

संध्याकाळी नवऱ्याने मार्ग सुचवला. “बस आणतो. दहा मिनिटांचं काम. त्या पुठ्ठ्यांचं नावही माहीत नाही कंपनीला.”

“मला माहीत आहे ना. वाचून बसलेय मी. आता न वाचल्यासारखं कसं करू?”

खोकी तिने पुसून ओळीने लावली आणि किल्ली मालकांच्या हातात दिली. चाक तेवढे तिने आणि नवऱ्याने मिळून उचलले. घरी सासूबाई म्हणाल्या, “बारा वर्षं लिहिलंस आणि हात हलवत आलीस.”

“हात आणलेत ना?” सून म्हणाली. सासूबाईंनी तिच्या पानात एक भाकरी जास्त वाढली.

छत्रीवाल्याच्या खोलीला एकच खिडकी होती. तिच्याखाली चाक बसले. भिंतीला मोजक्या चौकटी, एक आरसा, दोन खुर्च्या. पाटी नव्हती. रस्त्यापलीकडे निळी पाटी लखलखत होती, आणि तिथे काउंटरला दोन नवीन मुली उभ्या होत्या. पहिले दोन दिवस कोणी आले नाही. तिसऱ्या दिवशी घड्याळवाले आजोबा रस्ता ओलांडून आले. त्यांचे दुकान निळ्या पाटीच्या शेजारचेच. हातात डॉक्टरांची चिठ्ठी.

“काच बदलायची. नेहमीसारखी करून दे.”

नेहमीसारखी म्हणजे काय ते तिला पुठ्ठ्याशिवायही ठाऊक होते: वीतभर अंतर, घड्याळाची बारीक चाके, उजव्या डोळ्यावर भिंग. तरी तिने कोरा तुकडा पुढे ओढला.

“दिवसभर काय बघता?”

“अगं, दहा वर्षं ओळखतेस मला.”

“ओळखते. तरी सांगा.”

आजोबा खुर्चीत बसले. त्यांनी हात मांडीवर ठेवले, तेव्हा तिला बोटांचा कंप दिसला.

“घड्याळं सोडली मी, पावसाळ्यापासून,” ते म्हणाले. “स्क्रू धरवत नाही. मुलगा बसतो आता. मी बाहेर खुर्ची टाकतो. समोरच्या छपरावर कबुतरं येतात, ती मोजतो. कधी कोणती नाही आली ते कळतं... कळायचं. हल्ली धुरकट दिसतात.”

“हे डॉक्टरांना सांगितलंत?”

“त्यांनी विचारलंच नाही. नेहमीचाच नंबर देऊ का म्हणाले, मी हो म्हटलं.”

रस्त्यापलीकडे, तिसऱ्या खोक्यात, त्यांचा पुठ्ठा उभा होता. त्यावर वीतभर लिहिलेले होते. तो हाताशी असता तर तिने विचारले नसते. मान न उचलता काच चाकाला लावली असती.

“चला,” ती उठली आणि तिने चप्पल पायात सरकवली.

“कुठे?”

“डॉक्टरांकडे. मी येते बरोबर. जवळचा चष्मा काय करायचाय कबुतरांना?”

जाण्याआधी तिने तुकड्यावर एक ओळ लिहिली, ‘समोरचे छप्पर, रस्त्याएवढे लांब,’ आणि तो नव्या रिकाम्या खोक्यात उभा लावला. एकटा तुकडा उभा राहीना, आडवा पडला. तिने त्याला मागून कोऱ्या तुकड्यांची चळत लावली, आणि दार ओढून घेतले.